‘प्रोमिथियस’वर दोन भावांचं का पटत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आधी ‘एलियन’ पाहिला, दुसऱ्या दिवशी त्याचा प्रीक्वेल, म्हणजे आधीच्या काळातली कथा, म्हणून रिडली स्कॉटचाच ‘प्रोमिथियस’ लावला: माणसाला कुणी बनवलं हे शोधायला अंतराळात निघालेल्या शास्त्रज्ञांची गोष्ट. तुम्ही भारावून गेलात आणि धाकटा भाऊ अर्ध्यातच वैतागला. त्याचे आक्षेप दोन: एवढे मोठे शास्त्रज्ञ असे बावळटासारखे का वागतात, आणि दोन तास बसवून ठेवून शेवटी उत्तर का देत नाहीत. नेटवर शोधलंत तर तिथंही तेच, कुणी दहापैकी नऊ गुण दिलेत, कुणी तीन. म्हणून विचारताय, चित्रपटातच गडबड आहे की भावाला तो कळला नाही? आणि पुढचा ‘कॉव्हेनंट’ बघावा का?

‘कळला नाही’ हे आधी बाजूला ठेवू या. मी संकलनाचं काम करते आणि पुण्यात एका छोट्या फिल्म क्लबमध्ये खेळ संपल्यावरची चर्चाही चालवते. तिथं हे वाक्य आलं की चर्चा संपते आणि भांडण सुरू होतं. संकलनाच्या टेबलावर तर ते चालतच नाही. रफ कट, म्हणजे चित्रपटाची कच्ची जोडणी, पाहून एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच जागी अडखळत असतील, तर त्या जागी खड्डा आहे असंच धरावं लागतं. पण तीच माणसं दुसऱ्या एखाद्या जागी श्वास रोखून बसत असतील, तर तेही तितकंच खरं. ‘प्रोमिथियस’मध्ये दोन्ही आहे. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: एकाच चित्रपटातून दोन माणसांच्या हाती दोन वेगळे चित्रपट का लागतात?

यातलं काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो कुठं पाहिलात? हा चित्रपट थ्रीडी कॅमेऱ्यांवरच चित्रित झाला होता, नंतर थ्रीडीत बदललेला नाही. पाइनवूड स्टुडिओत अवाढव्य सेट उभे केले होते. सुरुवातीचा धबधबा आइसलँडमधला देट्टीफॉस आहे. तो मोठ्या पडद्यावर अंगावर येतो, आणि फोनवर पाहिला तर ‘कथा कधी सुरू होणार’ असं वाटतं. दुसरं, भावाच्या मनात कुठला ‘एलियन’ होता? १९७९चा रिडली स्कॉटचा, की १९८६चा जेम्स कॅमेरॉनचा, बंदुका आणि सैनिकांचा? दुसरा असेल तर ‘प्रोमिथियस’ त्याला थंडच वाटणार. आणि तिसरं, ‘आपल्याला कुणी बनवलं’ हा प्रश्न माणसाला मुळात किती छळतो. काहींना तो रात्री झोपू देत नाही, काहींना त्याचं काहीच वाटत नाही. दोन्ही प्रकारची माणसं चांगली प्रेक्षक असू शकतात.

पण परिस्थिती सगळी सारखी केली तरी फूट राहतेच, असा माझा अनुभव आहे. कारण ती चित्रपटाच्या जन्मातच आहे.

१९७९च्या चित्रपटात एक दृश्य आहे. नॉस्ट्रोमो यानातली माणसं एका परक्या यानात शिरतात आणि तिथं खुर्चीत एक प्रचंड, जीवाश्म झालेला चालक बसलेला असतो. छाती आतून फुटलेली. चित्रकार एच. आर. गीगरची ती रचना. ती आणखी प्रचंड दिसावी म्हणून स्कॉटनं काही शॉटमध्ये लहान मुलांना अंतराळवीरांचे पोशाख घालून उभं केलं होतं, त्यात त्याची स्वतःची मुलंही होती. पडद्यावर हे सगळं अगदी थोडा वेळ दिसतं, मग कथा पुढे जाते आणि त्या चालकाचं नाव पुन्हा कुणी काढत नाही. तो कोण होता, हा प्रश्न चाहत्यांनी तीस वर्षं सांभाळून ठेवला.

मग प्रीक्वेलचं ठरलं. जॉन स्पेट्सनं लिहिलेला पहिला खर्डा सरळ ‘एलियन’कडे जाणारा होता, ओळखीच्या प्राण्यांसकट. नंतर डेमन लिंडलॉफला बोलावलं गेलं आणि कथा त्या प्राण्यापासून दूर, निर्माता आणि निर्मिती या प्रश्नाकडे वळली. जानेवारी २०११मध्ये स्टुडिओनं जाहीर केलं तेव्हा स्कॉटचं म्हणणं होतं की सुरुवात ‘एलियन’पासून झाली खरी, पण आता ही वेगळी पुराणकथा आहे, जाणकार चाहत्याला त्यात ‘एलियन’च्या डीएनएचे धागे तेवढे सापडतील. इथवर ठीक. पण मग ट्रेलर आला, आणि त्यात १९७९च्या ट्रेलरची आठवण देणारा तोच किंचाळता भोंगा आणि एकेक रेघ उमटत पूर्ण होणारं तसंच शीर्षक. म्हणजे तोंडानं सांगायचं ‘हा तो चित्रपट नाही’ आणि हातानं त्याच दारातून आत बोलवायचं.

कीर्तनाला जाणाऱ्याला हे लगेच कळेल. पूर्वरंगात निरूपण असतं, उत्तररंगात आख्यान. काही लोक निरूपणासाठी येतात, बरेचसे आख्यानासाठी, आणि बुवा दोघांना राखतात. इथं फलक लागला आख्यानाचा आणि रात्र गेली निरूपणात. तुम्ही निरूपणाला बसलात, भाऊ आख्यानाची वाट बघत राहिला.

ही दुभंगलेली नियत शेवटच्या काही मिनिटांत उघडी दिसते. मोहिमेतली शास्त्रज्ञ शॉ आणि यंत्रमानव डेव्हिडचं तुटलेलं डोकं परक्या यानातून ‘इंजिनिअर’ लोकांच्या, म्हणजे माणसाला बनवणाऱ्या परग्रहवासीयांच्या, मूळ ग्रहाकडे निघतात: प्रश्न अजून जिवंत आहे, प्रवास पुढे चालू. माझ्या हिशेबानं चित्रपट इथं संपतो. पण त्यानंतर आणखी एक दृश्य येतं. मेलेल्या इंजिनिअरच्या छातीतून ‘एलियन’सारखा एक प्राणी बाहेर पडतो आणि किंचाळतो. एक शेवट तुमच्यासाठी, एक भावासाठी. मी टेबलावर असते तर दुसरा काढा म्हणून वाद घातला असता, आणि बहुधा हरले असते.

आता भावाचा पहिला आक्षेप, मूर्खपणाचा. यावर जरा थांबते, कारण इथंच माझा धंदा येतो.

‘एलियन’मधली माणसंही शहाणी नाहीत. नॉस्ट्रोमोवरचा केन परक्या यानातल्या उघड्या अंड्यात वाकून बघतो. मोठ्या यानात काहीतरी मोकाट फिरतंय हे माहीत असून ब्रेट एकटा मांजर शोधत जातो. तरी त्यांना मूर्ख कुणी म्हणत नाही. का? सगळ्यात चांगलं उदाहरण दाराचं आहे. चेहऱ्याला चिकटलेल्या प्राण्यासकट केनला परत आणतात, तेव्हा त्याची सहकारी रिप्ली विलगीकरणाचा नियम सांगून दार उघडायला नकार देते. दार यानावरचा विज्ञान अधिकारी अॅश उघडतो. त्या क्षणी ती माणुसकी वाटते किंवा ढिलाई. नंतर कळतं की अॅश यंत्रमानव आहे आणि कंपनीच्या हुकुमावर चालला आहे. म्हणजे जो मूर्खपणा वाटला तो डाव होता. प्रेक्षकाला मागं वळून बघताना फसवल्यासारखं वाटत नाही, उलट आपणच चुकलो असं वाटतं आणि मजा येते. शिवाय ती माणसं मालवाहू यानावरची कामगार आहेत, बोनसवरून कुरकुरणारी. त्यांच्याकडून आपण फार अपेक्षा ठेवलेली नसते.

‘प्रोमिथियस’मध्ये उलट होतं. या मोहिमेवर कंपनीनं एक लाख कोटी डॉलर खर्च केलेत असं पात्रांच्या तोंडूनच ऐकायला मिळतं. ते ऐकलं की प्रेक्षक डोक्यात सर्वोत्तम माणसं उभी करतो. प्रत्यक्षात भूगर्भशास्त्रज्ञ फिफील्ड सांगून टाकतो की तो पैशासाठी आलाय, आणि मोहीम कशासाठी आहे हे बहुतेकांना जाग आल्यावर कळतं. म्हणजे ही भाड्यानं गोळा केलेली टोळी आहे, आणि ते पटकथेत लिहिलेलं आहे. पण खर्चाचा आकडा मोठ्यानं ऐकू येतो आणि ही गोष्ट हळू आवाजात.

मग येतात ती कुप्रसिद्ध दृश्यं. फिफील्ड त्याच्या उडत्या यंत्रांनी बोगद्यांचा नकाशा बनवतो आणि परतताना स्वतःच हरवतो. मिलबर्न जीवशास्त्रज्ञ; दोन हजार वर्षांपूर्वीचं मेलेलं धड बघून घाबरून पळतो, आणि रात्री समोर फणा काढलेल्या जिवंत सापासारख्या प्राण्याला लाडानं बोलावतो. भावाचं डोकं इथं फिरलं असेल तर त्यात नवल नाही, माझंही फिरतं. पण काढून टाकलेल्या दृश्यांत एक आहे, ज्यात हाच मिलबर्न आधी एक छोटासा किडा सापडल्यावर पोरासारखा हरखतो. पृथ्वीबाहेरचा पहिला जीव! ते दृश्य राहिलं असतं तर रात्रीचं वागणं वेडं वाटलं असतं, पण त्याच माणसाचं वाटलं असतं. वेळ वाचवण्यासाठी आम्ही संकलक नेहमी अशीच दृश्यं काढतो. त्यांच्यात ‘काही घडत नाही’. प्रेक्षक जेव्हा ‘हे पात्र मूर्ख आहे’ म्हणतो, तेव्हा दुरुस्ती बहुतेक वेळा त्या दृश्यात नसते, पंधरा-वीस मिनिटं आधी असते.

याच चित्रपटात हे काम नीट झालेलं उदाहरणही आहे, म्हणून जास्त हळहळ वाटते. मोहिमेवर कंपनीची प्रमुख असलेल्या व्हिकर्सच्या दालनात शस्त्रक्रिया करणारं महागडं यंत्र आपल्याला आधी दाखवून ठेवतात. पुढे शॉ पोटातलं ते भयंकर काहीतरी काढायला त्यात शिरते, तर यंत्र सांगतं की ते फक्त पुरुष रुग्णांसाठी लावलेलं आहे. बाईच्या दालनात पुरुषाचं यंत्र कशाला? थोड्याच वेळात उत्तर मिळतं: कंपनीचा म्हातारा मालक वेलँड यानातच लपून आलेला आहे, यंत्र त्याच्यासाठी आहे. आधी वस्तू, मग अडचण, मग कारण. त्या शस्त्रक्रियेच्या दृश्याला नावं ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, चित्रपट न आवडलेल्यांतही नाही.

आणि ती धावण्याची थट्टा. गडगडत येणाऱ्या चक्राकार यानाखाली व्हिकर्स सरळ पळत राहते आणि चिरडते. शॉ पडते, बाजूला लोळते आणि वाचते. ‘बाजूला पळायचं ना!’ हे सगळं जग ओरडलं. माझं मत थोडं वेगळं आहे. भीतीनं माणूस समोरच पळतो, त्यात अशक्य काही नाही. पण आपल्याला वाइड शॉटमध्ये यानाची वाट आणि आजूबाजूची मोकळी जमीन दोन्ही दिसतात. व्हिकर्सला तेवढं दिसत नाही. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहिती दिली की एक तर थरार वाढतो, नाहीतर पात्र बावळट ठरतं. इथं दुसरं झालं. कॅमेरा जमिनीलगत, धुळीत आणि सावलीत ठेवला असता तर हीच धाव भयंकर वाटली असती.

तेव्हा पहिल्या आक्षेपात भाऊ बराचसा बरोबर आहे, फक्त दोष पात्रांचा नाही, त्यांच्या मांडणीचा आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: अशा चुका लोक सगळ्याच चित्रपटांत मोजत नाहीत. जे हवं होतं ते मिळत नाहीये असं वाटायला लागलं की मोजणी सुरू होते. तुम्ही मोजल्या नाहीत, कारण तुमचं पान भरलेलं होतं.

दुसरा आक्षेप, उत्तरं न देण्याचा. यात तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात, त्या सुट्या केल्या तर वाद निम्मा होतो.

काही उत्तरं दिलेली आहेत, ती निसटतात. डेव्हिड शॉच्या सहकाऱ्याच्या, होलोवेच्या, पेयात तिथं सापडलेला काळा द्रव का टाकतो? त्याआधी वेलँडनं त्याला ‘अजून प्रयत्न कर’ असं बजावल्याचं व्हिकर्सशी झालेल्या बोलण्यातून कळतं, आणि द्रव टाकण्याआधी तो होलोवेला विचारूनही घेतो की उत्तरांसाठी तू कुठवर जाशील. यंत्रानं जणू परवानगी घेतली. किंवा हा नेहमीचा घोळ: ‘एलियन’मध्ये चालक खुर्चीत मेलेला सापडतो, मग इथला इंजिनिअर बाहेर येऊन शॉच्या मागं लागून कसा मरतो? कारण ही ती जागाच नाही. ‘प्रोमिथियस’ २०९३ मध्ये एलव्ही-२२३ या उपग्रहावर घडतो. ‘एलियन’मधलं यान एलव्ही-४२६ वर आहे. यान वेगळं, चालक वेगळा. चित्रपट हे सांगतो, पण आधीच्या चित्रपटाशी इतका सारखा दिसतो की ती अक्षरं आणि आकडे कुणी ऐकत नाही.

काही उत्तरं जाणूनबुजून रोखलेली आहेत. इंजिनिअर लोकांना माणूस नष्ट का करायचा होता? स्कॉटनं एका मुलाखतीत सांगितलं होतं की त्यांनी ते ख्रिस्ताच्या वधाशी जोडायचा विचार केला आणि फारच थेट होईल म्हणून सोडून दिला. त्या धडाचं दोन हजार वर्षांचं वय हा त्याचा उरलेला माग. मला वाटतं सोडलं ते उत्तम केलं. डेव्हिड जागा झालेल्या इंजिनिअरशी बोलतो ते वाक्यही असंच. ते आदिम इंडो-युरोपीय भाषेवर बेतलेलं आहे, म्हणजे संस्कृत आणि पर्यायानं आपल्या मराठीचंही जे मूळ मानतात त्या भाषेवर. अनिल बिल्टू या भाषातज्ज्ञानं ते काम केलं, आणि डेव्हिडला धडे देणारा पडद्यावरचा शिक्षकही तेच. त्या वाक्याला सबटायटल दिलेलं नाही. ठरवलं असतं तर देणं काही अवघड नव्हतं. न दिल्यामुळे आपण शॉच्या शेजारी उभे राहतो: विचारलं काय माहीत नाही, उत्तर म्हणून डेव्हिडचं डोकं उपटलं गेलं एवढंच दिसतं. तुम्हाला तो क्षण आवडला असणार. भावाला वाटलं असणार, सांगायला काय जात होतं?

आणि तिसरी गोष्ट म्हणजे निव्वळ ढिलाई. काळा द्रव नेमकं करतो काय? सुरुवातीला इंजिनिअरला विरघळवतो, किड्यांचे साप करतो, होलोवेला आजारी पाडतो, फिफील्डला राक्षस बनवतो, शॉच्या पोटात अष्टपादासारखं काहीतरी वाढवतो. दर वेळी नवा नियम. गूढ ठेवणं वेगळं आणि दृश्याला लागेल तसा गुण त्या द्रवाला चिकटवणं वेगळं. विज्ञानकथेचा वाचक तर इथं हमखास बिथरतो, आणि त्याला बिथरायचा हक्क आहे. या बाबतीत तुम्ही भावाशी वाद घालू नका.

मग तुम्हाला जे आवडलं ते काय? माझ्या मते डेव्हिड. मायकल फासबेंडरनं केलेला हा यंत्रमानव सगळे झोपलेले असताना ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ बघतो, त्यातल्या पीटर ओटूलसारखे केस रंगवतो. माणसं आपल्या निर्मात्याला शोधायला एवढ्या लांब आली आहेत, आणि याचा निर्माता वेलँड शेजारीच बसून त्याला नोकरासारखं वागवतो. होलोवे त्याला म्हणतो की तुला बनवलं, कारण बनवता येत होतं म्हणून. डेव्हिड शांतपणे विचारतो की हेच तुम्हाला तुमच्या निर्मात्याकडून ऐकावं लागलं तर किती निराशा होईल. पुढं इंजिनिअर जे करतो ते जवळपास तेच उत्तर आहे. चित्रपटानं हा एक धागा शेवटपर्यंत घट्ट विणला आहे, आणि तो ज्याच्या हाती लागतो त्याला बाकीची उसवण फारशी टोचत नाही. डॅनिकेन वाचून मोठे झालेल्यांना ‘देव म्हणजे परग्रहवासी’ ही कल्पना जुनीच वाटेल. डेव्हिडमुळे ती शिळी राहत नाही.

थोडक्यात, भाऊ चित्रपटाच्या बांधणीबद्दल बोलतोय आणि तुम्ही त्याच्या पोटातल्या प्रश्नाबद्दल. दोघांची पट्टी वेगळी, म्हणून गुण वेगळे.

आता ‘कॉव्हेनंट’. २०१२मध्ये ‘प्रोमिथियस’नं जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर कमावले, तरी ‘प्राणी कुठंय?’ ही तक्रार इतकी झाली की २०१७च्या ‘कॉव्हेनंट’मध्ये तो मूळ प्राणी परत आणला. शॉचा तो प्रवास, ज्याची तुम्ही वाट बघत असाल, तो पडद्याबाहेरच उरकून टाकला आहे. परिणाम असा की प्रश्नवाल्यांना वाटलं आमचा चित्रपट हिसकावला, आणि प्राणीवाल्यांना तो प्राणी आधी कितीतरी वेळा पाहिल्यासारखा वाटला. कमाई २४ कोटींच्या आसपास आली. तरी तुम्ही बघा, फासबेंडरच्या दुहेरी भूमिकेसाठी. डेव्हिडचा धागा तिथं खरंच पुढं जातो. शॉची काळजी असेल तर आधी ‘द क्रॉसिंग’ नावाची छोटी फिल्म बघा, कंपनीनं ती प्रसिद्धीसाठी नेटवर सोडली होती. भावाला ‘कॉव्हेनंट’चा आग्रह करू नका. त्याला २०२४चा ‘रोम्युलस’ द्या. तो सरळ आख्यान सांगतो, १९७९ आणि १९८६च्या चित्रपटांच्या मधल्या काळातलं, आणि गंमत म्हणजे ‘प्रोमिथियस’मधला काळा द्रव त्यातही येतो, बऱ्यापैकी शिस्तीत. तो आवडला तर मग ‘प्रोमिथियस’ची काढून टाकलेली दृश्यं त्याला दाखवा, चित्रपट पुन्हा लावायची गरज नाही. मिलबर्नचा किडा आणि इंजिनिअरशी झालेल्या भेटीची लांब आवृत्ती, एवढी दोन पुरेत.

आणि मित्रांना ही मालिका दाखवणार असाल तर कथेतल्या सालांप्रमाणे लावू नका. १९७९चा आधी. खुर्चीतला तो चालक आधी माहीत नसेल, तर ‘प्रोमिथियस’ नेमका कुठला प्रश्न विचारतोय हेच समोरच्याला लागत नाही.